वाव

फुजैराहून निघालो तेव्हा खाली बावीस मीटर होते
आणि दोस्तमहंमद, आमचा बलुची सुकाणूवाला,
चहात वेलदोडा ठेचून टाकत होता.
तीन तासांनी कड आली.
वर काहीच बदललं नाही. तेच तेलकट, सपाट पाणी,
नांगरलेले टँकर, पाठीमागे हजरचे उघडे डोंगर.
फक्त पडद्यावरचा तांबडा संपला
आणि उतार सुरू झाला:
पिवळा, हिरवा, मग असा निळा
की त्याला रंग म्हणवत नाही.

शेत नांगरावं तसे आम्ही जातो, येतो,
तासाला तास भिडवून.
दोनशे मीटरवर होर्मुझमधून निसटलेलं
जड, खारट पाणी सरपटत असतं.
आवाज त्यात वाकडा होतो,
मग दर सहा तासांनी यंत्र बुडवून
वाकडेपणा मोजायचा.

रात्री माझी पाळी. साफसफाई.
सातव्या दरीच्या कडेला डोंगर घसरल्याची खूण,
कधी घसरला, कुणी ऐकलं नाही.
तिच्यावर, मध्येच पाण्यात, ठिपक्यांचा ढग:
अंधार पडला की चरायला वर येणारे मासे.
नियमाप्रमाणे तो गोंगाट.
मी चौकट ओढते, पुसते.

देवगडहून बाबा, तुटत तुटत:
मासे दिसतत काय गो?
दिसतात. पुसते मी.
ते हसत नाहीत.
खोल किती? सातशे चाळीस.
वावात सांग.

बाबा शिसं सोडायचे, बुडाला चरबीचा गोळा.
वर घेताना दोन्ही हात पसरून दोरी मोजायची,
एक वाव, दोन वाव.
हात आखूड, म्हणून त्यांच्या हिशेबात
समुद्र सगळ्यांपेक्षा थोडा जास्त खोल.
चरबीला कधी रेव, कधी शिंपल्यांचा चुरा,
जिभेवर ठेवून ते सांगायचे
कुठल्या खडकावर आहोत, नावानिशी.
माझ्या नकाशात नावाचा रकाना आहे.
दरी सात. दरी आठ.

चारशे वाव, मी सांगते. तुमच्या हातांनी सव्वाचारशे.
इतकी दोरी खंय मिळता?
दोरी नाही, बाबा. आवाज सोडतो,
तो तळाला लागून परत येतो.
बराच वेळ नुसती खरखर. मग:
आणि बुडाक काय चिकटान येता?

दोस्तमहंमद कप ठेवून जातो.
मी पिते.
तळाशी वेलदोड्याची सालं.