पाकिटवाला

एकतीस वर्षं मी या पठारावर पाकिटं विकली.
यीस्टची, एन्झाइमची,
गंधकाच्या पांढऱ्या भुकटीची,
आणि ओकच्या भुशाची,
जो आठ दिवसांत नव्या टाकीला
आजोबांच्या पिंपाचा वास आणतो.
थंडीच्या सालात द्राक्षं फिकी निघाली
की साखरेची पोती रात्री उतरायची,
दिवे मालवून.
तो गोडवा कायद्याला चालत नसे.

दानिलाच्या अंगणात मात्र माझी बॅग कधी उघडली नाही.
"सूप घे," एगॉन म्हणायचा,
"पाकिटं राहू देत गाडीत, त्यांना भूक नसते."

आता गाडी विकली.
डॉक्टरांनी अर्धाच पेला घ्यायला सांगितलंय,
पेला केवढा ते मी विचारलं नाही.

तळघराला चौदा पायऱ्या, चुनखडीच्या,
मधोमध झिजून वाटीसारख्या झालेल्या.
वर बुर्या सुटलाय,
कौलांवर ठेवलेले धोंडे जागच्या जागी कुरकुरताहेत.
दानिला काचेची नळी पिंपात सोडते,
अंगठ्यानं तोंड दाबून वर काढते,
माझ्या पेल्यावर अंगठा उचलते.

मालवाझिया. सालींसकट सतरा दिवस.
गढूळ, जुन्या पितळेच्या रंगाची.
आधी चिरून ठेवलेलं सफरचंद,
मग मीठ,
मग असं काही, ज्याचं पाकीट माझ्याकडे नव्हतं.
तरी जीभ हिशेब मांडतेच :
इथे अमुक यीस्ट दिलं असतं तर अननस आला असता.
माझ्या गिऱ्हाइकांच्या वाईनला दरवर्षी अननस यायचा.
या पठारावर अननस
पाहिला होता कुणी?

दुसरं पिंप, तेरान.
काळपट लाल, आणि आंबट,
लहानपणी फाटकाची कडी चाटली होती तशी.
"गारांचं वर्ष," दानिला म्हणाली.
"साखर घातली असतीस तर?"
"तर गारा कुठे गेल्या असत्या?"
मी गप्प.
तिनं पुन्हा ओतली.

तिसऱ्या पिंपापाशी ती जरा थांबली.
फडक्यानं हात पुसले, कोरडेच होते तरी.
मग नळी सोडली.

गिळेपर्यंत काही कळलं नाही.
गिळल्यावर, श्वास परतताना,
मागच्या दारानं उंदीर आला.
बंद कपाटाचा, ओल्या पोत्याचा वास,
आणि त्यामागे धारदार शिरका.

"एगॉनची," ती म्हणाली. "शेवटच्या तोडणीची.
तो हॉस्पिटलात होता, मी त्याच्याजवळ.
इकडे कुणी आलंच नाही."

तीनशे लिटर.
मनातल्या मनात आकडा आलाच,
तिनं तो माझ्या तोंडावर वाचला असावा.
"पंधरा ग्रॅम लागली असती, ना?"

मी पेल्यात बघत राहिलो.

"पाकीट होतं घरात.
तू विसरून गेला होतास,
त्या साली, स्वयंपाकघरात, खुर्चीखाली."

विसरलो नव्हतो.
एगॉनचा हात सुपाच्या चमच्यासकट थरथरताना पाहिला होता मी,
आणि उठताना टाचेनं ते आत सरकवलं होतं.
हे मी तिला सांगितलं नाही.
तिनं विचारलंही नाही.

तिनं दिवा खाली धरला.
पिंपाच्या बुडाशी, पाचरीच्या जागी,
घडी करून दाबलेलं पाकीट,
माझ्या कंपनीचा निळा छाप, न फाडलेला.
"डुगडुगत होतं," ती म्हणाली. "आता नाही."

ही वाईन विकायची नाहीच.
उद्यापासून सॅलडवर घालणार आहे ती,
उकडलेल्या बटाट्यांवर,
लोणच्याच्या बरणीत.
दोन वर्षं पुरेल, कदाचित तीन.

मी पेला पुढे केला.
"ही?" दानिला म्हणाली.
"हीच."

या वेळी तिनं स्वतःलाही ओतली.
दोघांनी तोंडं वाकडी केली,
आणि वर एक धोंडा घरंगळला,
पन्हळीपर्यंत जाऊन अडला.