पट्ट्याखालची जागा

सीपीआरचा अपघात विभाग, रात्रीचे पावणेदहा.
मनोहर डोईफोडे, वय एकावन्न, सुभाषनगर.
कातडं कापताना रापी सटकली,
मांडीत आतल्या बाजूला बोटभर जखम.
एवढीशीच. रक्तही थांबलेलं.
बायको म्हणाली, "पंचा आवळून धरलो,
रिक्षात बी सोडलो न्हाई."

थांबलेल्या रक्तावर मी विश्वास ठेवत नाही.

दोन्ही पावलं शेजारी शेजारी ठेवली.
उजवं कोमट.
डावं पहाटेच्या फरशीसारखं.
अंगठ्यामागच्या खोबणीत तीन बोटं टेकवून डोळे मिटले.
आधी लागले ते माझेच ठोके.
त्यांना फसायचं नाही, हे शिकायला
मला एक वर्ष लागलं, आणि एक पाय.
तो पाय माझा नव्हता.

डॉप्लर उजव्या पावलावर फुत्कारला,
डाव्यावर नुसती खरखर,
स्टेशन बंद झाल्यावर रेडिओ करतो तशी.
"कधी लागलं?"
"आठला. मुंग्या हायत आता नुसत्या."
आठ आणि सहा.
दोनपर्यंत हा पाय त्याचा.
सीटीच्या रांगेत घालवायला वेळ नाही,
वार एकच, जागा ठाऊक. थेट थिएटर.

स्ट्रेचरवरून तो म्हणाला,
"बोट ठेवलासा न्हवं, तिथंच पट्टा येतोय बघा.
तीस वर्सं बसवतोय,
खाली काय वाजतंय ठाव नव्हतं."

धमनीची दोन टोकं
स्नायूत आखडून लपून बसली होती.
फुग्याच्या नळीनं खालची गुठळी ओढली,
जळवेसारखी, वीतभर.
उजव्या पायातून शीर घेतली, उलटी करून जोडली,
कारण शिरेची दारं एकाच बाजूला उघडतात.
निळा धागा, केसाहून बारीक.
त्याचा मेण लावलेला असतो, माझा नाही,
पण ओढ तेवढीच हवी:
जास्त ओढली की फाटतं.
पोटरीला दोन लांब चिरा. सूज येणार, तिला जागा हवी.

एक वाजून वीस मिनिटांनी चिमटे काढले.
तळवा पांढराच.
मग टाचेकडून काहीतरी सरकत आलं, रंग म्हणण्याइतकंही नाही.
मी बोटं ठेवली. माझं मला पटेना.
"धनवडे सिस्टर, तुम्ही बघा."
त्यांनी हातमोजा काढला, वाकल्या,
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

बाहेर बाकावर ती
चपलांची पिशवी मांडीवर घेऊन.
"डावी लागंल का?"
"लागेल," मी म्हणाले, "पण पट्टा
थोडा सैल करायला सांगा त्यांना."