सुईण साक्षीला येते

बातेय म्हणजे उसाच्या फडातली मजुरांची वस्ती.
तिथली माणसं सातलाच येऊन बसतात कचेरीच्या पायरीवर,
पोटऱ्यांना जळक्या पाचटाची काजळी,
पिशवीत घड्या पडून पडून
चार तुकडे झालेला एकच कागद.
मी काचेमागे. शिक्का माझ्या हातात,
पंखा सरकारी.

आज विल्नेर दोर्सें, वय एकोणीस.
जन्मदाखल्याची नक्कल हवी, कॉलेजसाठी.
मी आडनाव वाचलं
आणि परिपत्रकातलं वाक्य म्हटलं :
नोंद आहे, नक्कल मिळणार नाही,
आईबाप सीमेपलीकडचे.

सोबत राजधानीतली वकीलबाई होती.
मानवी हक्कांचे तीन करार तिनं
तारखांसकट सांगितले.
मी मान डोलावली. खरंच होतं सगळं.
फक्त माझ्या फॉर्मात
माणूस असण्याला रकाना नाही.

मग मागून म्हातारी उठली, मान क्लेमाँस, सुईण.
“हा माझ्या हातात रडला.
कुणाला विचारून नव्हता रडला.”
म्हटलं, आजी, श्वास त्याचा त्याला आहेच,
तो कोण काढून घेतंय?
हा नागरिक आहे का, एवढंच विचारतोय.

तिनं काचेला नाक लावलं.
“पेर्दोमोचा ना तू? एलिहिओ?
पायाळू. वांग्यासारखा काळानिळा.
तोंडाला तोंड लावून फुंकलं तुझ्यात,
तेव्हा कुठे हललास.”

रांगेत कुणी खोकलंसुद्धा नाही.

सांगणार होतो तिला,
श्वास वेगळा, करार वेगळा, शिक्का वेगळा :
पहिला कुणी देत नाही, म्हणून कुणाला नेता येत नाही.
शाळेत असंच शिकवलं होतं आम्हाला.
आता माझा पहिलाच
उसना निघाला.

बारा वाजले. जेवणाची सुट्टी. खिडकी लावली.
डबा न उघडता विल्नेरचं बाड उघडलं.
नोंदीखाली साक्षीदाराचा अंगठा,
मधोमध आडवी रेघ, कोयत्याची असावी.
मग शिडी लावून
वरच्या फळीवरचं माझ्या वर्षाचं काढलं.
वाळवीनं कडा खाल्लेल्या, शाई तांबूस.
तोच अंगठा.
रेघ तेवढी नाही अजून.

दोनला खिडकी उघडायची आहे.
काचेतून दिसतंय,
बाहेर कुणीच हललेलं नाही.