मठारकाम

तांबट लेनमध्ये जन्मलो, म्हणून कान पक्के.
बाप घागरीवर मठारकाम करायचा,
ठोक्याला चिकटून ठोका, रांगेला चिकटून रांग.
मी तांबं सोडलं नाही, फक्त बारीक केलं:
टेलिफोनची जोडतार, खांबावरचा डबा,
वीस वर्षं.
त्याच तारेतून आधी नुसतं हॅलो जायचं,
मग मोडेमची किरकिर,
मग ब्रॉडबँड, जो एक्स्चेंजपासून जितका लांब
तितका दमून पोचायचा.
पाथर्डी फाट्याला तर फोटो हप्त्यानं यायचा.
आधी कपाळ, मग डोळे,
हसू उतरेपर्यंत चहा होऊन जायचा.

आता काच ओढतो. केसाएवढी.
दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर धरायची,
एक ठिणगी,
आणि कुठं जोडलं ते माझं मलाही दिसत नाही.
मखमलाबादच्या पुढं मळ्यात काच गेली नाही अजून,
तिथं गच्चीवर ताटली, दूरच्या टॉवरकडं तोंड करून.
मधल्या आंब्याला पालवी फुटली
की रुसते.

सिडकोत निरभवणेबाईंकडं गेलो.
दारावर पाटी: एन बेचाळीस, जे सी, सतरा, पाच.
नवखा माणूस या पाटीपुढं घाम पुसतो.
म्हटलं, बाई, तुमच्या घराला पहिल्यापासून आयपीच आहे.
बाई नाशिकरोडच्या आरएमएसमधून रिटायर,
एकतीस वर्षं टपाल लावलेलं.
पेनाचं टोपण काढून बसल्या.
"मग माझा नेटवरचा पत्ता काय?"
आजचा हा. उद्याचा माहीत नाही.
"म्हणजे भाडेकरू?"
तसंच. मुदत संपली की कंपनी काढून घेते, दुसरा देते.
"आणि घरातल्या घरात?"
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक,
पुढं टीव्हीला दोन, मोबाइलला तीन.
शेजारीसुद्धा हेच आकडे.
"हेच?" पेन थांबलं.
घरातली हाक आहे ती, बाई.
प्रत्येक घरात एक बाळ्या असतोच,
पाकिटावर कोण बाळ्या लिहितं?
हा डबा दारात बसलाय ना, दिवे लुकलुकणारा,
तो बाहेर जाताना बाळ्या खोडून घराचा पत्ता टाकतो,
उत्तर आलं की आठवून
आत हाक मारतो.

बाई डब्याकडं बघत राहिल्या,
नवीन लागलेल्या कारकुनाकडं बघावं तसं.
"आकडा नाही, नुसतं नाव लिहिलं तर?"
मग विचारत जावं लागतं. जवळच्याला, वरच्याला,
त्याच्याही वरच्याला.
"आमच्याकडं जानोरकर होते," त्या म्हणाल्या.
"'गोविंदा, डेअरीमागे, नाशिक'
एवढ्यावर बीट सांगायचे.
ते रिटायर झाले त्या महिन्यात
पोतंभर पत्रं परत गेली."

संध्याकाळी जुन्या तारेचा हातभर तुकडा
बापापुढं टाकला.
त्यानं नखानं सोलला, अंगठ्यावर घासला.
"चोख आहे."
मग काचेचा धागा दाखवला.
"ठोकता येतं याला?"
नाही.
"वाकवता?"
थोडं. फार वाकवलं तर उजेड गळतो.
उजेड गळतो, तो म्हणाला. उजेड गळतो.
आणि हसला, दात नसलेलं सगळं तोंड उघडून.

मी त्याला नव्या पत्त्यांचं सांगायला लागलो:
जुने पुरेनात, आता लांबलचक आलेत,
इतके, की या घागरीवरच्या एकेका ठोक्याला एक देता येईल,
गल्लीतल्या साऱ्या घागरींना,
मोडीत गेलेल्यांनासुद्धा,
तरी संपायचे नाहीत.

त्याला कमी ऐकू येतं. या गल्लीत सगळ्यांनाच.
घागर मांडीवर घेऊन
रांगा चाचपत त्याचं बोट एका जागी थांबलं.
"हा तुझा," म्हणाला.
"सातवीत होतास. वाकडा पडला.
द्यायचाच असला पत्ता,
तर आधी याला दे."