सावलीतलं तापमान

बुधवारी दुपारी तीनला
शहराच्या पश्चिमेकडच्या संत्र्याच्या रोपवाटिकेत
आमच्या खांबाने छप्पन लिहिलं.
पावणेचारला ते टीव्हीवर होतं,
चारला साळ्याचा पुण्याहून फोन : भाऊजी, आहात ना?
सव्वाचारला साहेब म्हणाले, ठवरे, जाऊन या.

निघालो. शर्टाच्या खिशात कांदा,
बायको ठेवते, नवतप्यात रोज.
मी भौतिकशास्त्राचा पदवीधर.
कांदा काढून टाकला नाही.

सिग्नलवर हिरवी जाळी ताणलेली,
तिच्याखाली दहा-बारा स्कूटर एकमेकींना चिकटून,
दुपट्ट्यात गुंडाळलेले चेहरे.
मे महिन्यात या शहरात
सख्खा भाऊही ओळखू येत नाही.

रोपवाटिकेचा चौकीदार डोमाजी उईके
पत्र्याच्या खोलीतून बाहेर आला, ओला टॉवेल डोक्यावर.
"मशीन बिघडली म्हनतात. काहून?
बरोबरच तं सांगून रायली होती."

स्टूलवर चढलो.
पांढऱ्या तबकड्यांची उतरंड, जिच्यातून वारा खेळायला हवा,
तिथे कुंभारीण माशीने घर लिंपलेलं,
बोटाच्या पेराएवढं, अगदी मन लावून.
खाली जोडणीवर तांब्याला हिरवा गंज.
आत प्लॅटिनमची तार असते, केसाहून बारीक.
तापली की विजेला थोडं जास्त अडवते.
त्या अडवण्यालाच आम्ही तापमान म्हणतो.
गंजाने चार ओहम स्वतःचे घातले,
चार आणि वर थोडे,
साडेचव्वेचाळीसचे छप्पन झाले
आणि दिल्लीपर्यंत खुर्च्या हलल्या.

ब्लेडने गंज खरवडला.
माशीच्या घरापाशी हात थांबला.
मग तेही पाडलं.

डोमाजीला समजावलं :
हवा नेहमी सावलीत मोजायची, काका.
जमिनीपासून सव्वा मीटर,
चहूकडे मोकळं, खाली गवत, वारा खेळता,
भिंत जवळ नको, पत्रा तर नकोच.
त्याने सगळं ऐकून घेतलं.
"असं तं नागपुरात कोनीच रायत नाही जी."

पाणी प्यायला आत गेलो.
कूलर होता, टाकीत पाणी नव्हतं,
नुसता पंखा गरम हवा इकडची तिकडे करत होता.
खाटेवर नात झोपलेली, सहा-सात वर्षांची,
गालावर दोरीच्या विणीचे वळ.
पिशवीतला काचेचा तापमापक मी उगाच खिळ्याला अडकवला.
दहा मिनिटं दोघेही त्याच्याकडे बघत बसलो,
परीक्षेचा निकाल बघावा तसे.
एकोणपन्नास.

"हे लिवता का मंग?"
फॉर्म उघडला. केंद्र क्रमांक, अक्षांश, रेखांश,
कमाल, किमान, आर्द्रता, शेरा.
शेऱ्यात लिहिलं : सेन्सर सदोष, दुरुस्त केला.
नोंद रद्द समजावी.

संध्याकाळच्या बातमीत शहर पुन्हा नेहमीचं झालं.
साळ्याने हसरा चेहरा पाठवला.

रात्री दीडला फोन वाजला.
मी गच्चीवर होतो, दोन बादल्या पाणी ओतूनही
फरशी दिवसभराचं व्याज परत करत होती.
"साहेब, आता मशीन काय म्हनते?"
मोबाइलवर बघितलं. बत्तीस.
"अन् इकडं छत्तीस दाखवते ना तुमची काचेची नळी.
विसरले तुम्ही ते. पोरगी झोपून नाही रायली."
मी म्हणालो, दार उघडं ठेवा.
म्हणाला, "उघडंच हाय."

विसरलो नव्हतो.
दुसऱ्या दिवशी भांडार वहीत नोंद केली :
काचेचा तापमापक, एक नग, फुटला.
सही. तारीख.

जूनमध्ये ढग आल्यावर गेलो होतो, खांब तपासायला.
तबकड्यांत माशीने पुन्हा लिंपायला घेतलं होतं.
खोलीत, दाराच्या आतल्या पत्र्यावर
कोळशाने आकडे, एकाखाली एक,
दुपारचे मोठे, रात्रीचे बारीक.
एका रात्रीपुढे आकडा नव्हता,
नुसती आडवी रेघ.
मी विचारलं नाही.
उरलेले वहीत उतरवून घेतले,
माझ्या वहीत, खात्याच्या नाही.