छाट

मनामात दोन्ही डोस घेतले,
दंड दुखला, तापही आला रीतसर.
मुंबईच्या विमानतळावर त्या पोरीनं
यादीवरून बोट फिरवलं, खाली, परत वर,
म्हणाली, ही लस आपल्याकडे धरत नाहीत.
डाव्या हातावर शिक्का.

आता विडी घरकुलात, आमच्याच खोलीत मी.
दारावर पिवळा कागद,
त्यावर अंबादास नागनाथ यमुल.
येमुलची मात्रा गाळलेली.
अम्मा उंबऱ्याबाहेर, मांडीवर सूप,
कात्रीनं पानं कापत.
कडक भाकरी खिडकीतून येते,
शेंगाचटणी कागदात.

दोन्ही घेतलास ना?
घेतले.
मग?
यादीत नाही म्हणतात.
तिची बोटं थांबली नाहीत.
म्हणजे छाट, ती म्हणाली.

चाळीस वर्षं ती हजार विड्या घेऊन
चेकरपुढं उभी राहते.
तो मूठभर बाजूला सारतो:
ही जाड, ही सैल, हिचं तोंड नीट मोडलं नाही.
तेवढी मजुरी कापतो,
पण विड्या परत देत नाही.
'त्यापण कोण तरी ओढतंयच की,' अम्मा म्हणते,
'धूर काय वेगळा निघतो?'

रात्री पंख्याखाली
दंडावरची ती जागा चाचपतो.
काहीच लागत नाही हाताला.

सकाळी दाराबाहेर
ती पंचवीसचा कट्टा मोजते, तेलुगूत,
ओकटी, रेंडू, मूडू.
आत मी दिवस मोजत असतो.
तिच्या आकड्यांत माझे मिसळतात,
पुन्हा पहिल्यापासून धरावं लागतं.