शेऱ्याचा रकाना

माझं टेबल जिन्याखाली. पाटीवर शिष्यवृत्ती कक्ष,
मुलांच्या तोंडी त्रुटीवाल्या बाईंचं टेबल.
मी त्रुटी काढते. त्याचाच पगार आहे मला.
उत्पन्नाच्या दाखल्यावर मार्च उलटलेला,
गुणपत्रिकेवर भोये, रेशनकार्डावर भोई,
बापाच्या सहीच्या जागी अंगठा, आणि अंगठ्याखाली
कुणीतरी नीट अक्षरात लिहिलेलं: सही.

सुगंधा भोये पहिल्यांदा आली तेव्हा
तिच्या फाइलीला नागलीच्या भाकरीचा वास होता.
पेठची गाडी निमाणीला उशिरा लागली, म्हणाली,
उभ्यानं आले, डबा पिशवीत उलटला.
मी म्हटलं, नवीन झेरॉक्स आण.
दुसऱ्यांदा आली ती बँकेचं पासबुक घेऊन.
स्क्रीनवर आलं, खाते आधारशी संलग्न नाही.
तिनं ते मोठ्यानं वाचलं आणि हसली.
"मॅडम, आमचं कायच आधाराला जोडलेलं नसतं."
तिसऱ्यांदा आली की नाही, आठवत नाही.
तिच्यामागे चाळीस जण होते.

पैसे आले. दोन वर्षं चार महिन्यांनी.
निर्वाह भत्ता, परीक्षा शुल्काचा परतावा,
सगळं मिळून तेवीस हजार दोनशे साठ.
तोवर खातं निष्क्रिय. रक्कम आली तशी परत फिरली.
ती पुन्हा पाठवायची तर आधी लाभार्थीची संमती,
संमतीसाठी ओटीपी, तो तिच्या मोबाइलवर जातो
आणि दहा मिनिटं जगतो.

मी फोन लावला. उचलला एका पुरुषानं,
मागे क्रेट आदळत होते.
"ओझरहून बोलतोय, दौलत निरगुडे. टेम्पो आहे आपला.
वर्ष झालं हे कार्ड घेऊन.
ताई, ही सुगंधा कोण?
मला महिन्याआड अभिनंदन येतं.
अर्ज मंजूर. अर्ज परत. अर्ज पुन्हा मंजूर.
बायकोनं आधी दोनदा भांडण काढलं,
मग तीच विचारायला लागली, आलं का काही पोरीचं?
छाननी पूर्ण झाली त्या दिवशी
तिनं देवापुढे साखर ठेवली."

मी खोटंच खोकले. म्हटलं, बघते.

मला आहेरकाका आठवले, नाशिकरोडच्या मेसचे.
माझा भत्ता अकरा महिने अडकला होता तेव्हा
वहीत माझ्या नावापुढे ते पेन्सिलीनं लिहायचे: येईल.
पैसे येतील म्हणून "येईल",
की उपाशी राहील कुठे, जेवायला येईलच म्हणून,
ते मी विचारलं नाही. दुसरी पोळी वाढून घ्यायचे.

मार्चअखेर. साहेबांना यादी बंद करून हवी आहे.
भोये सुगंधा काशिनाथ. पुढे शेऱ्याचा रकाना, दीड इंच.
त्यात लिहायचं ठरलेलं वाक्य माझं बोट
पाहून न पाहता लिहू शकतं:
लाभार्थी आढळून येत नाही.
एकवीस जणांपुढे लिहून झालंय ते आज.
त्यातल्या कितींना मी शोधलं होतं?

पाच वाजून दहा मिनिटं. शिपाई दिवे घालवतोय.
फोन. पुन्हा निरगुडे, धापा टाकत:
"ताई, आत्ता आकडा आला. सहा आहेत. लिहून घ्या."
मी म्हटलं, तो कुणाला सांगायचा नसतो.
"पण तुम्हीच पाठवला ना?"

नाही.
मी बटण दाबलेलं नाही.

म्हणजे या घडीला कुठेतरी,
पेठच्या एखाद्या सेतू केंद्रात, हरसूलला,
नाहीतर इथेच पंचवटीत, उधारीच्या संगणकापुढे
ती बसली आहे,
रिकाम्या सहा चौकटींकडे बघत,
आणि तिच्याकडे नऊ मिनिटं आहेत.

"दौलतभाऊ," मी म्हटलं, "फोन ठेवू नका."
खुर्ची मागे सरकवली, उगाच उभी राहिले.
पेन्सिल कुठे ठेवली होती मी.